पाझरणारी पिशवी

बंगळूरला जाऊन विज्ञानाचा पुढील अभ्यास करण्याची परवानगी मला द्यावी की नाही, हा प्रश्न आमच्या घरात एका पाण्याच्या पिशवीवर सोपवण्यात आला होता. माझी पदवी, माझे गुण आणि प्राध्यापकांची शिफारस यांपैकी कशाचाही त्या निर्णयाशी संबंध जोडला गेला नाही. त्या निर्णयपद्धतीचे समर्थन मी आजही करू शकत नाही. पण तिच्यात एक प्रकारची शिस्त होती, एवढे मान्य करावे लागते.

निर्णय आत्याचा होता. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण; लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. सोलापुरातल्या आमच्या कापडाच्या दुकानाच्या किल्ल्या अप्पांच्या कमरेला असत, पण अप्पा स्वतः आत्याच्या शब्दात असत. आमच्या घरी कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने राहत, तरी आत्या रागावली की शुद्ध मराठी बोले, आणि त्यावरून प्रसंगाचे गांभीर्य ओळखता येई.

दर चैत्रात आम्ही कुलदेवाच्या जत्रेला जात असू. मोहोळपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे बैलगाडी. रथ निघे उन्हे कलल्यावर, पण चांगली जागा धरायची म्हणून सारे लोक सकाळपासून उघड्या माळावर बसून राहत. म्हणजे सावलीत निघणाऱ्या रथासाठी दिवसभराचे ऊन सोसत. या व्यवस्थेत मी एकदा सुधारणा सुचवली होती. ती कोणी ऐकून घेतली नाही. आदल्या वर्षी त्याच माळावर आत्याला घेरी आली. फिरकीच्या तांब्यातले पाणी अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, घाईघाईने तिच्या डोक्यावर ओतले, आणि आत्या ताडकन उठून बसली. गारव्याने नव्हे, चटक्याने. पितळ उन्हात किती तापते हे मी तिला नंतर समजावून सांगितले. ते तिला आवडले नाही.

म्हणून बंगळूरचा विषय निघताच तिने पान जुळवत विचारले, "तुझ्या त्या विद्येनं उन्हात गार पाणी मिळतं का गं?"

"मिळतं," मी म्हणाले.

"मग यंदाच्या जत्रेत मला माळावर गार पाणी पाज. पाजलंस तर मी स्वतः तम्माला सांगेन, पाठव हिला म्हणून. नाही पाजलंस तर विजापूरच्या स्थळाला होकार कळवायचा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, अर्थात अप्पा. ते समोरच बसले होते. त्यांना कोणी काही विचारले नाही.

मी तत्काळ कामाला लागले. माठ गार ठेवतो, पण बैलगाडीत तो मांडीवर धरून बसावे लागते, आणि मोहोळच्या पुढचा रस्ता माठाच्या प्रकृतीला मानवणारा नव्हता. चामड्याच्या पखालीचे नाव काढताच आत्याने कानांवर हात ठेवले. काचेची बाटली आत्याच्या तहानेच्या मानाने अपुरी होती. उरली ती जाड कॅन्व्हासची पिशवी, जी मी आगगाडीच्या खिडक्यांबाहेर लोंबकळताना पाहिली होती. तिच्यातून पाणी हळूहळू पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते, ती वाफ होताना उष्णता घेते, आणि आतले पाणी गार होते. याहून साधा प्रयोग शोधून सापडला नसता.

सात रस्त्याजवळ तंबू आणि घोड्यांचे तोबरे शिवणाऱ्या एका कारागिराकडून मी ती शिवून घेतली. कापड अर्थातच आमच्या दुकानातले होते. दुसऱ्याच्या दुकानातून घेतले असते तर अप्पांनी जेवण सोडले असते. आत्याच्या आग्रहावरून पिशवीला बाहेरून कप्पे लावले, कारण तिच्या मते जत्रेत पाण्याइतकाच अडकित्ताही आवश्यक असतो. शिवाय ऊन बाधू नये म्हणून कांदे, विभूतीची डबी आणि कडक भाकरी. पहिल्याच चाचणीत कडक भाकरी ओलाव्याने मऊ पडून चपलेच्या तळव्यासारखी झाली. तेव्हा ज्या वस्तूंना ओलावा बाधत नाही त्याच कप्प्यांत राहतील, असा नियम मी घातला. भाकरीला स्वतंत्र पिशवी मिळाली.

"आणि हा घोड्याचा तोबरा माझ्या तोंडाला कोण बांधणार?" आत्याने पिशवी न्याहाळत विचारले.

"बांधायचा नाही, आत्या. तांब्यात ओतून घ्यायचं."

"घोड्यालासुद्धा असंच सांगत असतील."

तरीही पिशवी भरून पडवीत वाऱ्यावर टांगली, तेव्हा घटकाभराने आत्याने तिला हात लावला आणि तो तेथेच राहू दिला. मी आत बुडवलेल्या उष्णतामापकाकडे तिने पाहिलेही नाही, पण हात काढला नाही. मी मनातल्या मनात बंगळूरला पोहोचले होते.

नेमक्या त्या वेळी मोहोळकडचा एक शेतकरी गाडी ठरवायला आला. दरवर्षी आम्हाला स्टेशनावरून तोच नेई, आणि घरची सारी धोतरे-लुगडी तो आमच्या दुकानातून घेई. पडवीत बसून त्याने पिशवीकडे पाहिले, तिच्याखालच्या ओल्या फरशीकडे पाहिले, आणि अत्यंत सौम्यपणे विचारले, "शेटजी, ह्ये कापड तुमच्याच दुकानचं न्हवं?"

"आमचंच," अप्पा अभिमानाने म्हणाले.

"गळतंय की."

अप्पांचा चेहरा उतरला. शेतकरी गेल्यावर मी त्यांना बाष्पीभवनाचे तत्त्व सविस्तर सांगितले. त्यांनी सर्व नीट ऐकले, एक शंका विचारली, उत्तर मान्य केले. मग म्हणाले, "सगळं खरं. पण जत्रेत आपल्या गाडीला ही टांगणार. अर्ध्या माळावर आपली गिऱ्हाइकं. त्यांना दिसणार काय? शेटजींचं कापड गळतंय."

"गळायला हवंच आहे, अप्पा. नाही गळलं तर पाणी तापेल."

"गळणारं कापड मी आजवर विकलेलं नाही," अप्पा म्हणाले, आणि चर्चा संपली असे मी समजले.

निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी काही वेळ दिसेनाशी झाली आणि संध्याकाळी परत खुंटीवर आली. ती ताठ आणि गुळगुळीत झाली होती. उन्हात वाळून तशी झाली असावी, असे मला वाटले. पुरेशा निरीक्षणाशिवाय काढलेला हा निष्कर्ष माझ्या शिक्षणाला शोभणारा नव्हता. पण तेव्हा मी भाकरीच्या पिशवीची गाठ मारत होते.

माळावर पोहोचल्यावर पिशवी गाडीला बाहेरून टांगली. ऊन चढू लागले. पिशवीखालची माती कोरडी होती. मी हात लावून पाहिले. पिशवीही कोरडी होती, आणि गरम. मी तिची जागा बदलली, वाऱ्याची दिशा पाहिली, पुन्हा हात लावला. अप्पा शेजारच्या गाड्यांतल्या गिऱ्हाइकांशी हसून बोलत होते आणि अधूनमधून पिशवीखालच्या कोरड्या मातीकडे समाधानाने पाहत होते. त्या समाधानाचे कारण मला कळेना.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा आत्याने पदर डोक्यावर ओढून हात पुढे केला. "आण बघू तुझं पाणी."

मी ओतले. तांब्यात जे पडले ते कोमट, दुधट आणि किंचित घट्ट होते. आत्याने एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला.

"अंबील केलीस?" ती म्हणाली. "मीठ विसरलीस की गं."

"ही अंबील नाही, आत्या."

"मग काय आहे?"

याचे उत्तर आमच्या गाडीवानाने, त्या मोहोळकडच्या शेतकऱ्याने, दिले. त्याने ओंजळीत थोडे घेतले, बोटांनी चोळले, वास घेतला, आणि सारा माळ ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "खळ हाय ही! शेटजी, तुमचं कापड लई खळ सोडतंय की!"

कापडाच्या धंद्यात याहून वाईट वाक्य नाही. विरळ कापडाला खळ चोपडून ते जाड भासवणे आणि पहिल्याच धुण्यात ते चक्का टांगायच्या फडक्यासारखे होणे, ही ज्या लबाडीची भीती प्रत्येक गिऱ्हाइकाला असते, तिचा पुरावा आमच्या गाडीला लटकत होता आणि त्यातून पेल्यांनी ओतून घेता येत होता. शेजारच्या गाड्यांतून माणसे उतरली. एकाने स्वतःच्या सदऱ्याचे टोक चुरगाळून पाहिले. दुसऱ्याने धोतराचा सोगा.

अप्पांनी माझ्याकडे पाहिले. मग आत्याकडे. मग खाली.

"तम्मा," आत्या शुद्ध मराठीत म्हणाली, "तू काय केले आहेस?"

अप्पांनी सांगितले. पिशवी गळू नये म्हणून त्यांनी ती खळ करणाऱ्याकडे नेली होती आणि आतून-बाहेरून पुन्हा पुन्हा खळ चढवून घेतली होती. कापड मूळचे निर्मळ होते.

"म्हंजी तुमीच लावली?" गाडीवान म्हणाला. "का बरं? चांगल्या कापडाला कुणी खळ लावतंय व्हय?"

या प्रश्नाला एकच खरे उत्तर होते, आणि ते देण्यासाठी अप्पांना बाष्पीभवन समजावून सांगणे भाग होते. माझे वडील बैलगाडीच्या साटीवर उभे राहिले. टोपी नीट केली.

"ऐका," ते म्हणाले. "चांगल्या कापडातून पाणी पाझरतं. पाझरलं पाहिजे. बाहेर आलेलं पाणी वाऱ्याबरोबर निघून जातं, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. दलाल कसा माल हलला की आपला वाटा घेऊन जातो, तसं. मी खळ लावली, दलालाची वाट बंद झाली, उष्णता घरातच राहिली."

मी पुढे झुकून एक दुरुस्ती करणार होते, पण दुरुस्तीला जागा नव्हती.

"मग आमच्या धोतरानं बी गार वाटंल का?" मागून कोणीतरी विचारले.

"ओलं करून नेसलंत तर वाटेल."

"असल्या जत्रंत?"

हशा झाला, पण कोणी हलले नाही. गाडीवान हाताची घडी घालून म्हणाला, "बोलाया काय जातंय, शेटजी. दाखवा की."

तेव्हा आम्ही विहिरीवर गेलो. मी पिशवी उलटी केली, आणि अप्पांनी धोतर वर खोचून ती दगडावर आपटायला सुरुवात केली. आयुष्यात त्यांनी रुमालसुद्धा धुतला नव्हता. प्रत्येक आपटीला पांढरे पाणी निघे आणि बघणाऱ्यांतून एक हुंकार येई. "आन् एक शेटजी! आजून हाय!" असे सल्ले चालू होते. पाणी स्वच्छ येऊ लागले तेव्हा गाडीवानाने पिशवी हातात घेऊन उजेडासमोर धरली, वीण पाहिली, आणि मान डोलावली. पिशवी पुन्हा भरली आणि गाडीच्या जुवाला टांगली. हळूहळू तिच्यावर ओल चढली. खाली पहिला थेंब पडला तेव्हा माझ्या वडिलांनी सुटकेचा श्वास टाकला. आपले कापड गळताना पाहून आनंद झालेला सोलापुरातला तो बहुधा एकमेव व्यापारी असेल.

माणसे पाण्याभोवती बसून राहिली. रथाकडे पाठ करून. मी मधूनमधून उष्णतामापक बुडवी आणि ते मधूनमधून मला "काय म्हनतंय?" विचारत. आत्या कोणालाच काही विचारत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि अव्वा तिला पदराने वारा घालत होती. मला प्रथमच असे वाटले की, या प्रयोगात बंगळूरपेक्षाही काही अधिक पणाला लागलेले असू शकते, आणि मी उष्णतामापक खाली ठेवून तांब्या भरला.

आत्याने तो दोन्ही हातांनी धरला. ती प्यायली. थांबली. पुन्हा प्यायली. उरलेले पाणी तिने स्वतःच्या हाताने मानेवर घेतले, आणि या वेळी ती उठून बसली नाही. उलट गाडीच्या कठड्याला टेकली.

"साकू," ती म्हणाली. पुरे.

तांब्या गाडीवानाकडे गेला. त्याच्याकडून पुढे, तेथून पुढे. तो किती हातांतून गेला हे मी पाहिले नाही, कारण मी आत्याच्या तोंडाकडे पाहत होते.

"तम्मा, पाठव हिला," ती म्हणाली.

अप्पांचे हात विहिरीच्या पाण्याने आणि खळीने पांढरे पडले होते. त्यांनी ते धोतराला पुसले आणि होकार दिला.

"पण हिची कन्नड ऐकली आहेस का?" आत्या पुढे म्हणाली. "बंगळूरला भाजी आणायला गेली तर चार दिवसांत उपाशी मरेल. मी जाते बरोबर."

होकार आणि नकार या दोन्ही शक्यतांचा मी विचार करून ठेवला होता. ही तिसरी माझ्या मांडणीत नव्हती.

"अक्का, मग घर?" अप्पांनी विचारले.

"तू बघ. तुला आता धुणंही येतं."

रथ हलला. सारा माळ उठून उभा राहिला, खारका आणि खोबरे उधळू लागले, आणि त्या गलक्यात आत्याने माझा दंड धरून कानाशी तोंड आणले. "तुमच्या त्या वसतिगृहात," ती ओरडली, "आत्यांना ठेवून घेतात ना?"

याबद्दल मला काहीही माहिती नव्हती.

"घेतात," मी म्हणाले.