मात्सुताकेची जागा

जपानातल्या तांबा भागातल्या डोंगराखालच्या त्या गावात तामेकिचीसारखा आतल्या गाठीचा माणूस दुसरा नव्हता. भातावर, रानडुकरांवर, सरपंचाच्या नव्या गाडीवर तो तासन् तास बोलायचा. पण शरद ऋतू लागला आणि कुणी मात्सुताकेचा विषय काढला की तोंडाला कुलूप. ही अळंबी जुन्या पाइनच्या मुळांशी, डोंगरात एखाद्याच जागी उगवते. ती जागा बाप मुलाला सांगतो, तीही मरायला टेकल्यावर. तामेकिचीच्या बापानेही खोल गेलेल्या आवाजात त्याच्या कानात सांगितली होती. त्याला बावन्न वर्षं झाली.

बावन्न वर्षं तामेकिचीने लोकांना चकवलं. कधी देवळामागून चढायचा, कधी ओढ्यातून. एक वाट सलग दोनदा धरायची नाही, फांदी मोडायची नाही, खूण ठेवायची नाही. मुद्दाम भलत्याच खडकावर बसून डबा खायचा, म्हणजे पाळतीवर असलेल्यांनी तिथेच उकरत बसावं. अळंबी निघाली की खड्ड्यावर वाळक्या पाइनच्या सुया पसरायच्या. शेजारचा गेनझो अंगणातून ओरडायचा, "काय तामेकिची, आज कुठल्या दिशेने उल्लू बनवणार आम्हाला?" तामेकिची हसून उलट्या दिशेला चालू लागायचा. असल्या हट्टाला आपण बाणा म्हणतो, आणि म्हणूनच तो सुटत नाही.

बायकोलाही त्याने कधी सांगितलं नाही. सोनोए लग्नाच्या पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "अहो, मला नेलंत तर टोपली तरी धरीन." तो म्हणाला होता, "तुला नेलं की संध्याकाळी गावाला कळेल." तिने पुन्हा कधी विचारलं नाही. तो टोपली घेऊन आला की ती ओल्या फडक्याने देठावरची माती हलकेच टिपायची. पाण्याखाली धरायची नाही, वास जातो म्हणून. मग नव्या तांदळात अळंबी शिजायची आणि वाफ गल्लीभर पसरायची.

यंदा सोनोए अंथरुणाला खिळली होती. चेस्टनटचा भात केला, तो तिने तसाच परत पाठवला. सानमा मासा भाजला, त्याचा एक घास खाल्ला. डॉक्टर मुलीला, चिझुरुला, बाजूला घेऊन म्हणाले, "आता मागतील ते द्या." आणि सोनोएने मागितलं ते एवढंच, "मात्सुताकेचा भात. वासापुरता असला तरी चालेल."

गेल्या वर्षी तामेकिची रिकाम्या हाताने परतला होता. पाऊस कमी झाला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. त्याला जागा सापडली नव्हती.

"चल माझ्याबरोबर," तो चिझुरुला म्हणाला. ती चकित झाली. "मला दाखवणार? बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

सकाळपासून दोघं चढत होती. फुटक्या खडकापाशी आल्यावर तो थांबला. "इथून डावीकडे." डावीकडे नुसता बांबू. मग ओढा, मग दुसरा फुटका खडक. तामेकिची त्याच्याकडे बघतच राहिला. याच खडकावर तो डबा खायचा. पण खरी जागा जवळ होती म्हणून, की लांब होती म्हणून?

"बाबा, एखादी तरी खूण केली असेल ना?"

"खुणा चोरांसाठी असतात," तो तिच्यावर खेकसला. मग मटकन खाली बसला. "चिझुरु, मी इतक्या खोट्या वाटा चाललो ना, आता खरी कुठली ते कळत नाही गं. सगळ्याच ओळखीच्या वाटतात." तिच्या जन्मात तिने बापाला रडताना पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला हळूहळू खाली उतरवलं.

त्याला घरी सोडून चिझुरु गाडी घेऊन शहरात गेली आणि दुकानातून परदेशी मात्सुताके घेऊन आली. प्लास्टिकखाली मांडलेल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या, मातीचा कणही नसलेल्या. "आईला काही बोलू नका," ती म्हणाली. त्याने रिकामी टोपली खुंटीला अडकवली.

भात शिजला. गल्लीत काही वास गेला नाही. सोनोएने शिजवण्याआधी एक अळंबी हातात मागून घेतली होती, बोटाने देठ चाचपला होता आणि परत दिली होती. आता तिने दोन घास खाल्ले, डोळे मिटले.

"आपल्याच डोंगरावरची," ती म्हणाली. "यंदाही सापडली तुम्हाला."

तामेकिची "हो" म्हणाला. वर, पावसाने भिजलेल्या त्या उतारावर, कुठल्याशा पाइनखाली अळंब्या आता छत्र्या उघडून उभ्या असतील. तिथेच काळ्या पडून कुजतील, आणि जगात एकालाही ते ठाऊक नसेल. वाटेबद्दल तो जन्मभर बायकोशी खोटं बोलत आला होता. ती त्याच्याशी आज पहिल्यांदाच खोटं बोलली होती.