सातव्या पुस्तकातली दिघोरी

गाडी दारात उभी होती तरी मी एसटीनंच निघालो. माझ्या पोरीनं, वैशालीनं, भंडाऱ्याहून थंड हवेची गाडी भाड्यानं आणली होती. मी म्हटलं, आयुष्यभर या गावातून जसा निघालो तसाच आजही निघीन. साकोलीपर्यंत मी एसटीत, आणि ती त्या गाडीत मागं मागं, आमची धूळ खात. एसटीत बसायच्या आधी माझा जोडीदार दसरू म्हणाला, "जा गा, विमानात बसून बंगलोरले जाऊन राहिला. वरून आमच्या धानाच्या बांध्या दिसल्या तर हात दाखवजो."

"हात कायले दाखवू? रोवणं झालं का परतच येतो."

"हो नं बाबा," वैशाली म्हणाली. दसरू मान खाली घालून तंबाखू मळत राहिला.

साकोलीले गाडीत बसवताना ती मले समजावत होती, "बाबा, पऱ्हे उपटल्याबिगर धान होत नाही." मी म्हटलं, "पऱ्हे कोवळी रोपं असतात बाई. लोंबीवर आलेलं धान उपटून दुसऱ्या बांधीत कोण लावते?" मग नागपूरच्या विमानतळापर्यंत ती फोनच पाहत राहिली.

दिघोरीवाल्यांनो, आणि माझ्यासारखे जे बाहेर गेले त्यांनो, हे तुमच्यासाठी लिहून राहिलो. मी चौथी नापास. चुका काढा, पण मी त्या सुधारणार नाही.

बंगलोरात आम्ही चौदाव्या माळ्यावर राहतो. खाली उतरायचं तर लिफ्टले कार्ड दाखवावं लागते. स्वयंपाकाची बाई कन्नड बोलते, मी आपली झाडीबोली बोलतो. आम्ही एकमेकांले पोटभर शिव्या देतो, कोणालेच लागत नाहीत. माझा बाप म्हणे, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. मी इथं पाणी तर पितोच, सकाळी ओट्स नावाचा भुसाही गिळतो.

वैशाली इंग्रजीत पुस्तकं लिहिते. परदेशात एक मोठा पिक्चर आहे, त्यात तारे, ग्रह आणि आकाशात जहाजांची लढाई. पिक्चर संपला तरी लोकांचं मन भरलं नाही, म्हणून कंपनी त्याच्यावर पुस्तकं काढते. एक लिहिणारा अमेरिकेतला, एक इंग्लंडातला. एक जण जिथं सोडतो तिथून दुसरा धरतो, आपल्या दंडारीच्या खेळात गाणारे धरतात तसं. सातवं पुस्तक वैशालीच्या वाट्याले आलं.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसे. दिवसभर लिहिलेलं आपल्या बोलीत सांगे. तिनं एक ग्रह केला होता आणि त्यावर दिघोरी बसवली होती. तीन चंद्र, आणि खाली आपला तलाव. धान तिनं निळं केलं.

"निळं धान कोण खाते?"

"तिकडचे लोक, बाबा."

"मंग हगवण लागल त्याईले."

ती हसली. मीही हसलो. त्या फ्लॅटात पहिल्यांदाच.

गोष्टीत वैरी चालून येतात, जहाजं भरभरून लोक निघतात, सारा ग्रह रिकामा होतो, आणि एक म्हातारा हलत नाही. "तो काय म्हणल बाबा?" असं तिनं विचारलं. माझ्या बापाचं बोलणं मी तिले दिलं : पाणी वळवता येते, म्हातारा नाही. तलावाच्या पाळीवरची माझी बसायची जागा दिली. तिच्या मायचं सारवणं दिलं, दसरूची तंबाखू दिली. मले वाटलं, दिघोरी आता कुठं जात नाही. पुस्तकात बसली.

मग आठवं पुस्तक आलं, इंग्लंडातल्याचं. जेवताना जावई बोलून गेले, "पहिल्याच पानावर ग्रह उडवला की त्यानं. एका ओळीत."

घास मी ताटात ठेवला. मी वैशालीले म्हटलं, "तुले न विचारता जाळलं त्यानं?"

"विचारत नाहीत बाबा. ग्रह कंपनीचा असते."

"तुले कधी समजलं?"

ती ताटात बोट फिरवत बसली. "लिहायच्या आधीच. जळणार हे ठरूनच होतं. मले सांगितलं होतं, असं गाव लिही का लोक जीव लावतील. मंग जळालं का लागल त्याईले."

"म्हणजे जाळायसाठी नेलं तू माहं गाव."

"गोष्ट आहे बाबा ते."

ठरूनच होतं. हे शब्द ऐकले आणि मले दसरूची खाली घातलेली मान आठवली. मी विचारलं, "आणि माहं घर?"

जावई हात धुवायले उठले.

"आपण निघालो त्याच आठवड्यात पाडलं," ती म्हणाली. "भाऊरावदादानं तिथं स्लॅबचं बांधलं. मीच हो म्हटलं होतं."

भाऊराव म्हणजे माझा सख्खा पुतण्या.

"काहून?"

"घर उभं असतं तर तुमी इथं थांबले असते? दोनदा पडले तुमी आंगणात. दोन्हीदा दसरूकाकानं उचललं. तिसऱ्यांदा कोण उचलते?"

आता तुमचं, दिघोरीवाल्यांनो. मी फोनवर विचारत होतो, माझ्या छपराचे कवेलू फिरवले का? तुम्ही म्हणत, फिरवले. कोणते कवेलू फिरवले गा तुम्ही? मी विचारलं, आंगणातला पेरू लागला का? लागला, गोड आहे. भाऊरावानं तर फांदी मोडल्याचं सांगितलं, माकडानं मोडली म्हणे. इतकं रचून सांगता येते तर कंपनीनं तुम्हालेच पुस्तक द्यायले पाहिजे होतं.

परवा वैशाली पुन्हा लॅपटॉप घेऊन बसली. म्हणाली, जगभरातून लोक लिहून राहिले, त्या म्हाताऱ्यासाठी रडून राहिले. नवव्या पुस्तकात कंपनीले तो जिता पाहिजे. कसा वाचला ते तिनं सुचवलं तर पुस्तक तिचं, नाही तर दुसऱ्याचं.

"सांगा नं बाबा. तुमच्याशिवाय मले तो जमत नाही."

"वाचवून ठेवशील कुठं त्याले?"

"दुसऱ्या ग्रहावर. जहाजात घालून नेऊ."

"कोण नेते?"

"त्याची पोरगी," ती म्हणाली.

"मंग मरू दे त्याले. तो आपल्या घरात मेला. त्याले पोरगी नव्हती, म्हणून."

तिचे डोळे भरले. मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू?

दिघोरीले मी आता येणार नाही. भाऊरावाच्या स्लॅबखाली पाहुणा होऊन मी बसत नाही. माझं घर एकच उरलं, ते पुस्तकातलं, जळालेलं. त्यात एक म्हातारा बसला आहे, त्याले कोणी बाहेर काढलं नाही. काढायचा रस्ता मले माहीत आहे. पोरीले मी तो सांगणार नाही.