टाचा कुणी शिकवल्या

"सर, आत्या सकाळी गेली," कुसुमताईंच्या भाचीने, सुनंदाने, उज्जैनच्या माधवनगरहून फोनवर सांगितलं. तीन आठवड्यांनी शाळेत शोकसभा झाली. ताईंच्या जुन्या विद्यार्थिनी, आता आज्या झालेल्या, समूहगान गायल्या. गाताना साडीच्या काठाखाली त्यांच्या टाचा उचलल्या जात होत्या. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाले, "ही आपल्या सरांची पद्धत!" मी होकारार्थी मान हलवली… त्या मान हलवण्यापायीच हे लिहितो आहे.

मध्य भारत हे राज्य विलीन होऊन नवं राज्य व्हायचं होतं, त्या १९५६ साली कुसुमताई शाळेत गाणं शिकवायला आल्या. मी त्यांचा तबलजी. पश्चिम आफ्रिकेत, गोल्ड कोस्टला, त्यांचे यजमान एका सिंधी पेढीत नोकरीला होते. ते वारल्यावर ताई उज्जैनला भावाकडे परतल्या. तिकडच्या शेजारणी अंगणात नाचत गात, त्यांच्यात ताईही असत. "तिथे गाणं आधी पायात येतं," त्या सांगायच्या. तालमीत त्यांनी मुलींना चपला काढून गोलात उभं केलं. पाय दोन मात्रांत, टाळ्या तीन मात्रांत, गुडघे सैल. शब्द अजिबात नाहीत.

"ताई, ही गाण्याची तालीम आहे की गरब्याची?"

"मास्तर, तबला ठेवा बाजूला. या गोलात."

गेलो, आणि तिसऱ्याच फेरीत अडखळलो. मुली खो-खो हसल्या. पण चौथ्या दिवशी शब्द आले, तेव्हा चाळीस जणींचा श्वास एकदम सुटला. तबल्यावर हात बडवून मला ते कधी जमलं नव्हतं. ते नेमकं कसं होतं, हे आजही मला पुरतं उमगलेलं नाही.

नव्या राज्याच्या समारंभाआधी कमिटीने बजावलं, "लड़कियाँ हिलेंगी नहीं." ताई मुलींना हळूच म्हणाल्या, "हलू नका. फक्त टाचा." गाणं असं रंगलं की पाहुण्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "किसने तैयार कराया?" ताई पडद्यामागे मुलींच्या चपला गोळा करत होत्या. मी पुढे होऊन म्हणालो, "जी, मैंने."

तेवढ्यावर मला शिबिरं मिळाली, गावोगावची बोलावणी, शाली. ताईंनी कधी वाद घातला नाही. भेटल्या की विचारायच्या, "काय मास्तर, तुमची पद्धत बरी आहे ना? जेवतेखाते ना वेळेवर?" मी हसून वेळ मारून न्यायचो.

परवा सुनंदाकडे गेलो. ताईंच्या खोलीत फरशीवर लाल तेलरंगात दोन तळवे काढलेले आहेत, नव्या मुलीने कुठे उभं राहायचं ते दाखवणारे. खोली रंगवायला आलेला माणूस पत्र्याची पट्टी घेऊन ते खरवडायला बसला होता. "सर, काढू देऊ ना?" सुनंदाने विचारलं. "की तुमच्या पद्धतीची आठवण म्हणून ठेवायचे?"

"भैया, रहने दो," मी त्या माणसाला म्हणालो. "ये हमारी मास्टरनीजी के हैं. मुझे भी उन्होंने ही सिखाया."

मी चपला काढल्या, तळव्यांवर उभा राहिलो… डावी टाच आपसूक उचलली गेली.