शपथ आधी, तपासणी नंतर

"गुलियन-बॅरे सिंड्रोम," धाराशिवचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पायांपासून वर चढत ताकद जात राहते. "बहुतेक रुग्ण उठून चालतात. वेळ लागतो."

हे कळायला उशीर झाला होता. तळव्यांना मुंग्या येऊन चार दिवस झाले होते, आणि लोहाऱ्याहून येताना जीपमध्येच मी नवऱ्याला शपथ घातली होती. माझी आई सात वर्षं अंथरुणात सडली. मला तसं नको होतं. त्यांना गळ्यातलं इष्टलिंग हातात धरायला लावलं आणि मी म्हणाले, "हातपाय गेले तर मला सोडवा." लिंगावरची शपथ आम्हा लिंगायतांत कुणी मोडत नाही.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हात गेले. मग चेहरा. ओठ हलेनात, जीभ वळेना. श्वास तेवढा चालू होता. आयव्हीआयजी सुरू झालं, म्हणजे निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देतात. मला जगायचं होतं. सांगायला तोंड नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी पाठीत कळ येऊन डोळ्यांतून पाणी आलं. नवऱ्याला वाटलं, मी शपथेची आठवण देतेय. त्यांनी पडदा ओढला. माझ्या कपाळाला विभूती लावली.

"गिरिजा, लई उशीर झाला माझ्याकडनं."

आणि तोंडावर उशी दाबली. गुडघा छातीवर. नाकाचं हाड मोडलेलं मला आतून ऐकू आलं. घशात रक्त उतरलं.

त्याच सकाळी माझा उजवा खांदा जरासा हलला होता. तोच झटकत राहिले. पलंगावरून खाली कोसळले. सलाईनचा स्टँड डोक्यावर आदळला, सुई मांस फाडून निघाली. ते रडत रडत उशी घेऊन खाली आले. आवाज ऐकून धावत आलेल्या सिस्टरनं स्टीलचा ट्रे त्यांच्या कानशिलात हाणला. मग आणखी एकदा.

"बरी व्हायलीय ती, आंधळ्या."

त्या ट्रेला पोचा पडलाय. मी जिवंत आहे ती त्या बाईमुळं.

बोलता आल्यावर पोलिसांना दोन्ही सांगितलं: उशी त्यांची, शपथ माझी.

आता वॉकर धरून चालते. तुमच्या घरी असं काही आलं तर आधी निदान होऊ द्या. आणि बोलता येतंय तोवर डोळ्यांच्या खुणा ठरवा, 'हो'ची कोणती, 'नको'ची कोणती. आम्ही ठरवल्या नव्हत्या.

ते जामिनावर आहेत. परवा कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांना पुन्हा लिंग हातात धरायला लावलं आणि मी घातलेली शपथ मागे घेतली. ते बराच वेळ रडले. मग विचारलं, "घरी येऊ का?"

"नको," मी म्हणाले. तोंडानं, स्पष्ट.