चूलबंद आवतण

उपाशी माणसापुढे वाचन करू नये, हे मला आता कळलं. कळायला सत्तरी उलटावी लागली, पण कळलं.

झालं असं, की आमच्या वर्ध्यात पुस्तकांची जत्रा भरली. कागदावर त्यांनी ‘साहित्य महोत्सव’ छापलं होतं, मी आपली जत्राच म्हणते. सगळ्या शहरभर पसरलेली. कुठे वाचनालयात कविता, कुठे बागेत गोष्टी, कुठे पटांगणावर पुस्तकांची दुकानं, आणि तिकीट कुठेच नाही. माझ्या सुनेनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी काही शिकलेली बाई नाही हो. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर. पण नातवंडांच्या वह्यांची कोरी पानं उरली की मी त्यांत लिहीत बसते. तोवर ते वाचलं होतं सुनेनं, आणि एकदा वाळवीनं.

तर मला बोरगाव मेघेचं समाजभवन मिळालं. भर दुपारची वेळ, अर्धा तास वाचायचं. मला धास्ती एकच, कोणी आलंच नाही तर? जन्मात एकदा माझं लिहिलेलं लोकांनी ऐकावं, आणि ऐकायला खुर्च्याच तेवढ्या?

आमचं घर पिपरी मेघेत, थोरल्या जाऊबाई शेजारीच राहतात. त्यांना सांगितलं, तर तुरीतले खडे वेचता वेचता म्हणाल्या, “कोन येते वं तुयं ऐकाले?”

“फुकट हाये न, जाऊबाई. तिकीट नाई.”

“मंग त कोनीच नाई येत. फुकटात काय ठेवलं राह्यते?”

हे मला लागलं. दुसऱ्या दिवशी कुंकवाचा करंडा घेतला आणि निघाले दारोदार.

आता आमच्याकडे आवतणाच्या तऱ्हा असतात. एका माणसाचं आवतण दिलं तर घरचा कर्ता येतो. बायांचं दिलं तर बाया येतात. आणि चूलबंद दिलं, तर त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. म्हातारी, तान्हं लेकरू, घरी आलेला पाहुणा, सगळे जेवायला तुमच्याकडे. मी पहिल्या दोन घरी नुसतं “येजो” म्हटलं, तर बाया म्हणाल्या, “पाहू.” तिसऱ्या घरी माझ्या तोंडून निघून गेलं, “चूलबंद आवतन हाये बरं!” मला एवढंच म्हणायचं होतं, की सगळे या. पण त्या बाईचा चेहरा असा काही उजळला, की पुढच्या घरी मी तेच म्हटलं. त्याच्या पुढच्याही. येताना पहिल्या दोन घरीसुद्धा परत जाऊन सांगितलं.

एकीनं विचारलं, “कायचं हाये काकू?”

“पुस्तकाचं हाये.”

“म्हंजे पारायन?”

“तसंच समज,” म्हटलं आणि पुढे झाले. पारायण म्हटलं की शेवटी महाप्रसाद आलाच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात नुसत्या रिकाम्या खुर्च्या होत्या.

त्या दिवशी समाजभवनात पाऊल ठेवायला जागा नव्हती. संयोजक म्हणजे एक निवृत्त मास्तर, ते तर हरखूनच गेले. “आजी, एवढे रसिक आणले कुठून?”

रसिकांनी खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. सतरंज्या टाकून, समोरासमोर तोंडं करून ओळी धरल्या होत्या. मधे वाट मोकळी. मास्तरांना वाटलं, पाहुण्यांना यायला सोडली. मी मात्र एका नजरेत ओळखलं. ती पंगत होती. प्रत्येकाच्या मांडीशी पिशवी, आणि पिशवीतून ताटाची कड डोकावत होती. सगळ्यांत पुढे जाऊबाई, ताट बाहेर काढून.

बरं, वाचायला मी नेलं होतं काय? आमच्याच शेतात झालेल्या रोडग्यांच्या जेवणाचं! गोवऱ्या रचून हार कसा पेटवला, कणकेचे रोडगे त्याच्या निखाऱ्यात कसे भाजले, वरून तूप कसं सोडलं. मी वाचत गेले. मग आवंढे गिळल्याचा आवाज मला मंचापर्यंत यायला लागला. मी वांग्याच्या भाजीवर आले.

“काटेरी वांगे होते का साधे?” एकीनं विचारलं.

“काटेरी.”

“हाव, मंग बराबर.”

मागून एक म्हातारबुवा ओरडले, “नुसतं सांगून काऊन राह्यली, वाढ न बाई आता!”

सगळं सभागृह खो खो हसलं. मला हसू येईना. मी वही मिटली आणि सांगून टाकलं, “जेवन नाई हो. आवतन चुकलं माह्यं. इथं नुसतं ऐकाचं होतं. जा घरी, चुली पेटवा.”

कोणाचं तरी ताट खणकन पिशवीत गेलं. दोघी-तिघी उठल्या. झालं, म्हटलं, आता खुर्च्या आणि मी.

तेवढ्यात जाऊबाई कडाडल्या. “बसा वं खाली!” मग माझ्याकडे वळून, “अन् तू? वांगे कढईत टाकले, तेल सुटून राह्यलं, अन् तू वही मिटून राह्यली? जळतीन न ते! उतरव आधी खाली, मंग जाऊ आमी.”

उठलेल्या बसल्या. मी वांगी उतरवली. रोडगे फोडले, वरण वाढलं, शेवटच्या माणसाच्या हातावर पाणी पडेपर्यंत वाचलं. कोणी हललं नाही. म्हातारबुवांनी तर शेवटी चक्क ढेकर दिली, खरी की नाटकी कोण जाणे.

मास्तरांच्या ध्यानात आलं सगळं. त्यांनी वक्त्यांसाठी ठेवलेली बिस्किटं काढली आणि मधल्या वाटेनं स्वतः वाढत गेले. स्टीलच्या एवढ्या मोठ्या ताटात दोन-दोन बिस्किटं. लोकांनी ती पंगतीच्या शिस्तीत, सगळ्यांना वाढून झाल्यावरच खाल्ली.

परत येताना ऑटोत जाऊबाई ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, “कसं झालं?”

“खोटं हाये.”

“काय खोटं?”

“त्या दिवशी वावरात वरन बुडाले लागलतं, करपलतं. मीच लावलतं. ते काऊन नाई लिहिलं?”

“तुमाले राग येईन म्हनून.”

जाऊबाईंनी मांडीवरचं ताट पदरानं पुसलं. “लिहिजो. अन् वाचशीन तवा मले पुढं बसवजो. वरन कसं लागलं, ते मी सांगीन.”