टाक्याजवळचा डिओ

आज लिफ्टमध्ये कुणीतरी तोच गोड वासाचा डिओ मारून आलेलं आणि मी डायरेक्ट प्रबळगडाच्या जंगलात! कॉलेजात होतो तेव्हा मी, ताई आणि मावसभाऊ दादा पनवेलहून तिकडे कातळात कोरलेलं एक जुनं पाण्याचं टाकं शोधायला गेलेलो. सापडलं एकदाचं, हिरवंगार, शेवाळलेलं! फोटोआधी ताईने मानेवर डिओ मारला. "इथे काय कांदेपोहे आहेत का गं?" दादा हसला, आणि वरून घुंऽऽ सुरू झालं. कड्याला हे एवढं मोठं आग्यामोहोळ! ताईला लहानपणी एकच मधमाशी चावलेली तर श्वास अडकून अ‍ॅडमिट करावं लागलेलं, आणि आता तीन तिच्या दंडावर, एक भुवईवर. "ताई, हलू नको ना, प्लीज," मी कुजबुजलो. दादाने टाक्यातला गार चिखल उचलला आणि वास दाबायला अगदी हळू तिच्या मानेला फासला. आम्ही तिघं दगडासारखे. मग एकेक करून माश्या उडाल्या. खूप खाली उतरल्यावर ताई पहिल्यांदा बोलली, "काय मग, मुलगी पसंत?" हसता हसता तिघंही रडलो. आणि आज मी लिफ्टच्या छताकडे बघत, श्वास रोखून उभा, माझा मजला कधीच मागे गेलेला!