घरच्याच माणसांचा विमा

चिखलीच्या वेशीबाहेर मुरारी नेवाळेनं पत्र्याची शेड टाकली तेव्हा गावाला वाटलं, हा कोंबड्या पाळणार. मग आत पत्रा ठोकून कापणाऱ्या तीन पॉवर प्रेस आल्या, आजूबाजूची जमीन दणदण हादरायला लागली, तेव्हा लोकांना कळलं की म्हादूचा पोरगा कारखानदार झाला. पिंपरीच्या एका कंपनीत बरीच वर्षं प्रेसवर काढल्यावर, दुसऱ्यासाठी ठोकायचं ते आपल्यासाठी ठोकू, एवढ्या एका विचारावर त्यानं पक्की नोकरी सोडली होती. त्याच कंपनीला तो आता स्कूटरच्या वॉशर आणि पट्ट्या करून द्यायचा.

माणसं सगळी नात्यातली. प्रेसवर तिघं: धाकट्या बहिणीचा, शकूचा नवरा बन्सी आणि दोन चुलतभाऊ. माल निवडायला, मोजायला, खोक्यात भरायला भिमाबाई आणि तिच्या चार जावा-नणंदा. टेम्पो चालवायला मावसभाऊ. मालक धरून दहा जण. एवढ्याशा शेडला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू नव्हता, म्हणजे कामावर कुणाला इजा झाली तर भरपाईचा बोजा सरळ मालकाच्या डोक्यावर. त्या भरपाईचाही विमा काढता येतो हे मुरारीला सांगितलं चिंचवडच्या हरिहर आपट्यांनी. ते विम्याचे एजंट. सायकलवरून भोसरीपासून चिखलीपर्यंत शेड-शेड फिरायचे.

आपटे पहिल्यांदा आले तेव्हा दारात टेम्पो भरायचा चालला होता. त्यांनी विचारलं, "माणसं किती? काम काय?"

"नऊ. प्रेसचं काम," मुरारी खोकं उचलता उचलता म्हणाला.

आपट्यांनी तसंच लिहून घेतलं. दोन वर्षं मुरारीनं हप्ता भरला, दर वेळी नोटा दोनदा मोजून. तिसऱ्या वर्षी कंपनीनं बिलं थकवली आणि त्यानं आपट्यांना दारातूनच वाटेला लावलं. "समदी घरचीच मान्सं हायत, सायेब. कुनाला काय झालंच तर घर बघंल."

"घरच्या माणसाचं बोट काही वेगळं नसतं, नेवाळे," आपटे म्हणाले. पण हप्ता मिळाला नाही आणि पॉलिसी संपली.

सत्याहत्तर सालच्या दिवाळीआधी कंपनीचा निरोप आला, माल दुप्पट पाहिजे. प्रेसच्या तोंडाला लोखंडी जाळी असायची, हात डायखाली, म्हणजे वरून आदळणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून. जाळीमुळं हात सावकाश चालतो. मुरारीनं स्वतः पाना घेतला आणि तिन्ही प्रेसच्या जाळ्या काढून कोपऱ्यात उभ्या केल्या. "दिवाळी हुस्तवर," तो म्हणाला. ओव्हरटाइम सगळ्यांनाच हवा होता.

पुढं दोन दिवसांनी दुपारी बन्सीच्या प्रेसनं डबल मारली. पायातल्या पेडलवर एकदाच दाब पडला होता, पण मशीन वर जाऊन आपोआप पुन्हा खाली आली. बन्सी अडकलेली पट्टी काढत होता. तो ओरडला नाही. नुसता "दादा" म्हणाला, जसं कुणी पाणी मागावं. मुरारी धावला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं डायमध्येच होती.

टेम्पोत घालून बन्सीला पुण्याला ससूनला नेलं. मुरारी परत आला, शेडचं दार आतून लावून घेतलं आणि डाय धुतली. पाणी दोनदा बदललं. मग त्या तीनही जाळ्या त्यानं पुन्हा आवळून बसवल्या. नट घट्ट झाल्यावरही तो पाना फिरवतच राहिला. शेवटी एक बोल्ट तुटला.

शकू ससूनच्या व्हरांड्यात बसायची. मुरारी रोज डबा घेऊन जायचा. एके दिवशी तो म्हणाला, "शके, काळजी करू नगंस. दाजींना मी जलमभर अंतर देनार न्हाई. पगार हाय तसा चालू ठेवीन."

शकूनं डबा उघडला नाही. "तू हायेस तवर ठीक हाय, दादा. तुज्यामागं तुजी पोरं माज्या मानसाला बसून खायला घालतील?"

"माज्यावर इस्वास न्हाई का?"

"तुज्यावर हाय. पर हात त्याचा गेलाय, आन् पुढचं आयुष्य त्याचं ऱ्हायलंय. कायद्यानं जे हाय ते मला पायजे. उपकार नगं."

मुरारीला वाटलं, कुणीतरी तिचे कान भरलेत. तसं काही नव्हतं. व्हरांड्यात बसल्या बसल्या तिनं दुसऱ्या पेशंटांच्या बायकांचं ऐकलं होतं, एवढंच. मालकानं तोंडानं कबूल केलेलं किती दिवस टिकलं, हे त्या बायका डोळे पुसत सांगायच्या.

पुण्याच्या कामगार कोर्टातून नोटीस आली तेव्हा गावात एकच चर्चा. सख्ख्या बहिणीनं भावाला कोर्टात ओढलं. मुरारी देवळाकडून जायचा बंद झाला. रंभाला, त्याच्या बायकोला, पाणवठ्यावर बाया मुद्दाम विचारायच्या, "शकू काय म्हनतीया?" रंभा घागर भरायची आणि निघायची. कोर्टात मुरारीनं जाळी काढल्याचं लपवलं नाही. जज्जसाहेबांनी विचारलं, त्यानं हो म्हटलं. बाहेर आल्यावर वकील त्याच्यावर चिडला.

भरपाईचा आकडा मुरारीनं वकिलाकडून दोनदा वदवून घेतला. वर्षभर शेड चालवून हातात जेवढं उरायचं त्याहून तो जास्त होता. एक प्रेस विकली. रंभानं पाटल्या काढून त्याच्यापुढं ठेवल्या आणि चुलीपुढं जाऊन बसली. पैसे कोर्टात भरले त्याच आठवड्यात कंपनीच्या खरेदी खात्यातनं बोलावणं आलं. तिथल्या साहेबानं खुर्ची दिली नाही. "तुमच्याकडे अपघात झाला म्हणे. विम्याचा कागद आणा, मगच पुढची ऑर्डर."

मुरारी तसाच चिंचवडला आपट्यांच्या घरी गेला. आपटे जेवून ओसरीवर बसले होते. मुरारी पायरीवरच टेकला. "सायेब, आता तर दुप्पट लावतील. आधीचाच झेपत नव्हता."

"अपघाताचा भार पडेल थोडा," आपटे म्हणाले. "पण नीट सांगा. प्रत्यक्ष प्रेसला हात लावणारे किती?"

"तीन. आता दोन."

"आणि बाकीचे?"

"बाया पॅकिंगला. एक टेम्पोवर."

आपट्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. "पण तुम्ही मला नऊ जणांचं प्रेसचं काम सांगितलं होतंत."

"शेड प्रेसचीच हाय की."

"नेवाळे, विम्याचा दर माणसाच्या कामावर असतो. प्रेसवरच्या गड्याला जास्त, खोकी भरणाऱ्या बाईला अगदी कमी. तुम्ही भिमाबाईसाठी बन्सीचा दर भरत होतात." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "मीही आत येऊन बघायला हवं होतं. दारातून लिहून घेतलं. माझंही चुकलंच."

मुरारीनं मनातल्या मनात हिशेब केला. हप्ता निम्म्याहून खाली आला असता. तेवढा त्यानं कधीच बंद केला नसता. पॉलिसी असती तर भरपाई विमा कंपनीनं दिली असती, प्रेस गेली नसती, पाटल्या गेल्या नसत्या, शकूला कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. फक्त बोटं गेलीच असती. ती जाळीमुळं वाचली असती, आणि जाळी त्यानंच काढली होती. तो उठला, चपला पायात घालायच्या विसरला आणि तसाच अनवाणी बसच्या थांब्यापर्यंत गेला. आपटे मागून चपला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पिंपरी कॅम्पातल्या भंगारवाल्याला बोलावलं. उरलेल्या दोन प्रेस वजनावर द्यायच्या, शेडचे पत्रे द्यायचे आणि कुठंतरी वॉचमन म्हणून लागायचं, असं त्यानं रंभाला सांगितलं. रंभा म्हणाली, "अवो, त्या बाया कुटं जातील?"

भंगारवाला प्रेसवर टकटक करत भाव पाडत होता, तेवढ्यात बन्सी दारात आला. हाताला अजून फडकं होतं. मागं शकू. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"दादा, घरी बसून डोस्कं फिरतंय," बन्सी म्हणाला. "डाव्या हातानं माल निवडता यील मला. काम द्या."

"दाजी, कारखाना विकतुया मी."

"मग माजं काय? कोर्टाचं पैसं बँकेत हायत, त्यानं दिवस सरत न्हाई." बन्सी भंगारवाल्याकडं वळला. "तुमी जावा, भाऊ. आज न्हाई द्यायच्या."

मुरारीनं शकूकडं बघितलं. ती म्हणाली, "पैसं हक्काचं हुतं, ते घेतलं. काम बी हक्काचं हाय." आणि ती घराकडं निघून गेली.

पुढचे सहा-सात महिने मुरारी कसा जगला ते त्याचं त्यालाच ठाऊक. कंपनीची ऑर्डर निम्म्यावर आली. आपट्यांनी विमा कंपनीच्या साहेबांना शेडमध्ये आणलं. साहेबांनी जाळीत काठी घालून बघितली, काठी आत जाते म्हणाले. मुरारीनं जाळ्या नव्यानं वेल्डिंग करून घेतल्या. मग प्रेसचं पेडल काढून दोन दांडे बसवले, दोन्ही हातांनी एकदम दाबले तरच मशीन खाली येईल असे. काम मंदावलं. चुलतभाऊ कुरकुरले, एक सोडून गेला. त्याच्या जागी मुरारी स्वतः प्रेसवर बसला. प्रेस डबल मारते का, हे रोज सकाळी रिकामी चालवून बघायची सवय लागली. प्रेसवाल्यांचा पगार वेगळा, पॅकिंगचा वेगळा लिहिला जाऊ लागला. बन्सी माल तपासायचा. पहिल्या वर्षी हप्ता जडच गेला. तिसऱ्या वर्षी, एकही अपघात न झाल्यावर, तो पूर्वीच्या निम्म्यावर आला. मुरारीला आनंद झाला नाही. त्यानं पैसे मोजून दिले, सही केली आणि पुन्हा प्रेसवर जाऊन बसला.

शकू भाऊबीजेला यायची, ओवाळायची, ताटात पडेल ते घ्यायची आणि जेवण न करता परतायची. मुरारी कधी आग्रह करायचा नाही. बन्सी मात्र रोज त्याच्याबरोबरच भाकरी सोडायचा. कांदा फोडायला त्याला अवघड जायचं. मुरारी बुक्कीनं फोडून त्याच्याकडं सरकवायचा.

एक्याऐंशी साली शेजारच्या नव्या शेडचा मालक, जयसिंग नावाचा तरणा गडी, विचारायला आला. "मुरारीभाऊ, तुमचा विमा एवढा स्वस्त कसा? आमाला तर नागवलंय."

मुरारीनं त्याला बसवलं. कुणाला कुठल्या कामाचा दर लावायचा, जाळी कशी असावी, दांडे कुठं मिळतात, सगळं सांगितलं. जयसिंग लक्ष देऊन ऐकत होता. मग हसून म्हणाला, "म्हंजे जरा डोकं लावलं की झालं."

पलीकडं बन्सी डाव्या हातानं वॉशर चाळत होता. मुरारी म्हणाला, "व्हय," आणि उठून प्रेस चालू करायला गेला.